यादवी युद्ध आणि राजकीय हिंसाचार यांचा अभ्यास कसा करावा: मराठवाड्यातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

मराठवाड्यातील इतिहासाच्या किंवा राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यासमोर यादवी युद्धाचा विषय आला, की बहुधा अमेरिका, रशिया आणि स्पेन यांची प्रकरणे उघडली जातात. ती वाचायलाच हवीत. परंतु 1946 ते 1948 या काळात ज्या प्रदेशाने राज्यसंस्थेची पकड सुटताना पाहिली, खासगी सशस्त्र दले उभी राहताना पाहिली, सीमेपलीकडून पडणारे छापे, ओस पडलेली गावे आणि सत्तापालटानंतर निरपराधांवर उगवलेला सूड पाहिला, त्या प्रदेशातल्या अभ्यासकाने आपल्या तालुक्यापासून सुरुवात करावी आणि मग नेपाळ, श्रीलंका, रवांडा इकडे वळावे, असे माझे ठाम मत आहे. जवळच्या घटनेची कागदपत्रे हाताशी असतात, भाषा समजते, आणि दूरच्या देशाबद्दल आपण जी विधाने सहज करतो तीच आपल्या गावाबद्दल करताना किती अडखळायला होते, हे लगेच ध्यानात येते. ते अडखळणे अभ्यासाला उपकारक आहे.

सुरुवातीलाच एक कसोटी मनाशी पक्की करावी. हिंसाचाराचे कारण विचारले असता लोक साधारणपणे तीन उत्तरे देतात: तिथे गरिबी होती, तिथे दोन धर्म किंवा दोन जमाती होत्या, किंवा अमुक नेत्याने लोकांना भडकावले. तिन्हींत तथ्य असू शकते. मात्र गरिबी आणि धर्मभेद या कायमच्या अवस्था आहेत, तर युद्ध ही विशिष्ट वर्षी, विशिष्ट ठिकाणी घडलेली घटना आहे, त्यामुळे नेहमी असलेल्या गोष्टीने कधीतरीच घडणाऱ्या गोष्टीचा पुरता उलगडा होऊ शकत नाही. म्हणून प्रत्येक स्पष्टीकरणाला दोन प्रश्न विचारावेत: हे आत्ताच का घडले, आणि अशीच परिस्थिती असलेल्या शेजारच्या ठिकाणी का घडले नाही? माझ्या मते या अभ्यासाचा सारा कस दुसऱ्या प्रश्नात लागतो.

घटनेचे स्वरूप आधी ठरवावे

दंगल, सशस्त्र उठाव, शासनाची दडपशाही, यादवी युद्ध आणि वंशसंहार यांची कारणे वेगळी असतात. त्यांची सरमिसळ केली की पुढचे सगळे विवेचन घसरते. त्यासाठी शस्त्रे कोणाकडे होती, दोन्ही बाजूंना एकमेकांचे नुकसान करण्याची क्षमता होती का, लढाई किती काळ चालली आणि त्या काळात एखाद्या प्रदेशावर शासनाऐवजी दुसऱ्याच कोणाचा अंमल होता का, हे तपासावे. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात सशस्त्र संघर्षांच्या ज्या नोंदी ठेवल्या जातात, त्यांत एका वर्षात लढाईमुळे किमान 25 मृत्यू झाले तर सशस्त्र संघर्ष आणि किमान 1,000 झाले तर युद्ध, अशी मर्यादा मानली आहे. ती सोयीची आहे, पण यांत्रिकपणे वापरू नये.

दोन उदाहरणे घेऊ. 27 जुलै 1978 रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात संमत झाला आणि त्यानंतर मराठवाड्यातील शेकडो गावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. हा भयंकर राजकीय हिंसाचार होता, पण यादवी युद्ध नव्हते, कारण हल्ला झालेल्यांकडे कोणतीही सशस्त्र संघटना नव्हती आणि शासनाच्या सत्तेला कुठेही आव्हान मिळालेले नव्हते. म्हणून इथे विचारायचा प्रश्न असा की, शासनाजवळ बळ असूनही ते वेळेवर का वापरले गेले नाही. मराठवाडा ज्याचा भाग होता त्या, निजामाच्या हैदराबाद संस्थानाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. त्यात स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह, तेलंगणातील कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा, निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकार या खासगी सशस्त्र दलाचे अत्याचार, सीमेवरील कॅम्पांतून झालेले छापे, 13 ते 17 सप्टेंबर 1948 ची भारतीय सैन्याची कारवाई (तिलाच पोलीस ॲक्शन म्हणतात) आणि त्यानंतर मुस्लिम वस्त्यांवर झालेली हिंसा, असे निदान सहा वेगवेगळे प्रकार आहेत. या सगळ्याला एकच नाव देऊन एकच कारण शोधू नये. प्रत्येक टप्पा तारखेनिशी वेगळा काढावा. कारण एका टप्प्यातला पीडित समाज दुसऱ्या टप्प्यात हल्लेखोरांच्या बाजूला सापडतो आणि टप्पे एकत्र केले की एकाचे दुःख दुसऱ्याच्या दुःखाचे समर्थन म्हणून वापरले जाते.

कारणे काळाच्या क्रमाने वेगळी करावीत

एका मोठ्या कागदावर रकाने पाडून काम करावे, असे मी नेहमी सुचवतो. पहिल्या रकान्यात दीर्घकालीन परिस्थिती लिहावी. हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या 1941 मध्ये सुमारे 1 कोटी 60 लाख होती आणि तीत हिंदूंचे प्रमाण 85 टक्क्यांच्या आसपास होते. राजसत्ता, वरिष्ठ नोकऱ्या आणि सैन्यातील वरच्या जागा मात्र मुख्यतः मुस्लिम उमराव आणि अधिकारी वर्गाकडे होत्या. कारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू, तर बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी. जमिनीचा मोठा भाग जहागिरी आणि निजामाच्या खासगी मालकीच्या सर्फेखास या प्रकारात मोडत होता. एवढे लिहून थांबले तर धर्माचे एकपदरी चित्र तयार होते, म्हणून त्याच रकान्यात पुढे हेही लिहावे की, तेलंगणात वेठ घेणारे, कुळांना बेदखल करणारे अनेक बलाढ्य देशमुख हिंदू होते आणि संस्थानातील सामान्य मुस्लिम कोष्टी, मजूर, शिपाई हा सत्ताधारी वर्गाचा भाग नव्हता. तक्रार धर्माची होती, जमिनीची होती आणि भाषेचीही होती. कोणत्या ठिकाणी कोणती वरचढ ठरली हे स्थळागणिक बदलते.

दुसऱ्या रकान्यात राजकीय मार्ग खुले होते की बंद, हे नोंदवावे. संस्थानातील मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन 1937 मध्ये परतूरला झाले. 1938 मध्ये स्टेट काँग्रेस स्थापन होते न होते तोच तिच्यावर बंदी आली आणि ती उठायला 1946 उजाडले. त्याच 1938 मध्ये औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजमध्ये आणि उस्मानिया विद्यापीठात वंदे मातरम् म्हणण्यावरून विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले आणि त्यांतील अनेकांना शिक्षणासाठी नागपूर गाठावे लागले. सभा, संघटना आणि प्रातिनिधिक कायदेमंडळ हे मार्ग आठ-नऊ वर्षे बंद राहिले की मवाळ माणसांचे वजन कमी होते आणि शस्त्राची भाषा बोलणाऱ्याला श्रोते मिळतात. हे सूत्र मला अनेक देशांच्या इतिहासात पुन्हा पुन्हा आढळले आहे.

तिसरा रकाना सत्तेच्या पोकळीचा. 1947 मध्ये ब्रिटिशांचे सार्वभौमत्व संपले, निजाम मीर उस्मान अली खान यांनी स्वतंत्र राहण्याचा मानस जाहीर केला, 29 नोव्हेंबर 1947 रोजी भारताशी एक वर्षाचा जैसे थे करार झाला आणि संस्थानावर अखेर सत्ता कोणाची, हा प्रश्न लोंबकळत राहिला. अशा अनिश्चित काळात प्रत्येक बाजूला वाटते की आपण आज तयारी केली नाही तर उद्या उशीर होईल; एकाची संरक्षणाची तयारी दुसऱ्याला आक्रमणाची तयारी दिसते. रझाकार दलाची वाढ, लातूरचे वकील कासिम रझवी यांची भाषणे, भारताने केलेली आर्थिक कोंडी, सिडनी कॉटन या वैमानिकाने कराचीहून विमानांनी आणलेली शस्त्रे आणि सीमेवर वाढत गेलेले कॅम्प यांचा क्रम तारखेप्रमाणे लावला, की हे परस्पर भय कसे चढत गेले ते दिसते.

शेवटच्या रकान्यात ठिणगी. वर्तमानपत्रे तिच्याविषयी सर्वांत जास्त लिहितात आणि उलगडा मात्र तिच्यातून सर्वांत कमी होतो. श्रीलंकेत जुलै 1983 मध्ये जाफन्यात 13 सैनिक मारले गेले आणि कोलंबोसह अनेक शहरांत तमिळांवर हल्ले झाले, ही त्या युद्धाची सुरुवात म्हणून सांगितली जाते. पण 1956 चा सिंहली भाषेचा कायदा, 1970 च्या दशकात विद्यापीठ प्रवेशात बदललेले गुणांचे नियम आणि 1981 मध्ये जाळले गेलेले जाफन्याचे ग्रंथालय हे मागे ठेवल्याशिवाय त्या ठिणगीचा अर्थ लागत नाही. शिवाय तमिळांविरुद्धच्या मोठ्या दंगली 1958 आणि 1977 मध्येही झाल्या होत्या. तेव्हा मोठे युद्ध पेटले नाही, 1983 नंतर मात्र ते मे 2009 पर्यंत चालले. मधल्या काळात तमिळ तरुणांच्या सशस्त्र संघटना उभ्या राहिल्या होत्या आणि पुढे त्यांना भारतातून प्रशिक्षणही मिळाले.

संतापाला साधने कोणी पुरवली

यावरून पुढचा टप्पा सुचतो. माणसे संतापलेली असणे आणि माणसे लढू शकणे यांत मोठे अंतर असते, आणि ते अंतर पैसा, शस्त्र, अन्न, निवारा आणि शिस्त यांनी भरून निघते. म्हणून प्रत्येक सशस्त्र गटाबद्दल विचारावे: जेवण कोण देत होते, बंदूक कोठून आली, पाठलाग झाला तर लपायला जागा कोणती होती, सीमा किती दूर होती? स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी बार्शी, सोलापूर, उमरखेड अशा संस्थानाबाहेरच्या भागांत कॅम्प उभारले, तिथून येऊन करोडगिरी (जकात) नाके उद्ध्वस्त केले, पाटील-पटवाऱ्यांची दप्तरे जाळली आणि जानेवारी 1948 च्या अखेरीस नांदेड जिल्ह्यातील उमरीच्या बँकेतील रक्कम चळवळीसाठी ताब्यात घेतली. यात सीमेचे महत्त्व उघड आहे: ज्या तालुक्यांना अशी सीमा जवळ नव्हती तिथला लढा वेगळ्या स्वरूपाचा राहिला. उलट बाजूने, रझाकारांना गावपातळीवर कोणी अन्न दिले, कोणी भीतीने आणि कोणी फायद्यासाठी, हेही तितक्याच निर्विकारपणे तपासावे.

नेपाळच्या माओवाद्यांनी फेब्रुवारी 1996 मध्ये लढा सुरू केला तेव्हा त्यांच्याजवळ फारशी शस्त्रे नव्हती. ती त्यांनी पोलीस ठाण्यांवर आणि नोव्हेंबर 2001 मध्ये दांग येथील लष्करी तळावर हल्ला करून मिळवली. सिएरा लिओनमध्ये 1991 ते 2002 च्या युद्धात हिऱ्यांच्या खाणींनी बंडखोरांना पैसा पुरवला. मात्र लूट हेच युद्धाचे खरे कारण, असा निष्कर्ष घाईने काढू नये. संपत्तीमुळे युद्ध लांबते हे दाखवणे सोपे आहे. ते संपत्तीमुळे सुरू झाले हे दाखवायला वेगळा पुरावा लागतो.

जिथे हिंसा झाली नाही तिथे जावे

अभ्यासकाने आपला सर्वाधिक वेळ इथे द्यावा. सीरियात 2006 ते 2010 या काळात ईशान्य भागात तीव्र दुष्काळ पडला, लाखो माणसे शहरांकडे गेली आणि 2011 मध्ये उठाव झाला, म्हणून काही संशोधकांनी दुष्काळाला त्या युद्धाचे एक मूळ मानले. इतरांनी त्यावर आक्षेप घेतला, कारण पहिली मोठी निदर्शने देशाच्या दक्षिणेकडील दरा शहरात, भिंतीवर घोषणा लिहिणाऱ्या शाळकरी मुलांच्या अटकेवरून आणि छळावरून झाली. हा वाद तपासण्यासाठी मराठवाड्याइतके चांगले ठिकाण नाही. 1972 च्या दुष्काळात इथली विहिरी-तळी आटली, जनावरे गेली, माणसे खडी फोडायला आणि पाझर तलावांच्या कामावर गेली, परदेशी मिलो ज्वारी आणि सुकडी यांवर लेकरे जगवली गेली. तरीही इथे सशस्त्र उठाव झाला नाही. का?

मला तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. महाराष्ट्रभर दुष्काळी कामांवर 1973 च्या उन्हाळ्यात सुमारे 50 लाख माणसे होती, म्हणजे शासन अपुरे का होईना, पण प्रत्यक्ष गावापर्यंत पोहोचले होते. मोर्चे, घेराव, संप आणि विधानसभेतील प्रश्न या वाटा खुल्या होत्या, आणि त्या दबावातूनच पुढे रोजगार हमीला कायद्याचे रूप आले. आणि उपाशी माणूस बहुतेक वेळा लढायला निघत नाही; तो काम शोधायला निघतो. दुष्काळातून युद्ध होते असे सरसकट विधान करणाऱ्याला मराठवाड्याचे हे उदाहरण विचारपूर्वक द्यावे, मात्र त्यावरून दुष्काळ निरुपद्रवी असतो असे उलटे सरसकट विधानही करू नये.

हीच रीत एका देशाच्या आत वापरता येते. रवांडात 6 एप्रिल 1994 नंतर तुत्सींचा संहार सुरू झाला, पण दक्षिणेकडील बुतारे प्रांतात तो जवळजवळ दोन आठवडे रोखला गेला. तिथला प्रांतप्रमुख संहाराला विरोध करीत होता. त्याला पदावरून दूर केल्यानंतर तिथेही कत्तल सुरू झाली. शतकानुशतकांच्या द्वेषाने हे घडले, असे म्हणणाऱ्याला या दोन आठवड्यांचे उत्तर देता येत नाही, कारण द्वेष असलाच तर तो या दोन आठवड्यांत आणि त्यानंतरही तेवढाच होता. बदलला तो प्रशासनातील एक माणूस. आणखी एक कसोटी श्रीलंकेची. तिथे सिंहली तरुणांनीच 1971 मध्ये आणि पुन्हा 1987 ते 1989 या काळात आपल्या सिंहली-बहुल शासनाविरुद्ध रक्तरंजित उठाव केले. वांशिक भेद हे एकमेव कारण मानले तर हे उठाव हिशेबाबाहेर राहतात. शिकलेल्या पण बेकार, ग्रामीण तरुणांचा प्रश्न धरला तर ते हिशेबात येतात.

आता आपल्याकडे वळू. सप्टेंबर 1948 नंतरच्या हिंसेची पाहणी करण्यासाठी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची समिती केंद्र सरकारने नोव्हेंबर-डिसेंबर 1948 मध्ये पाठवली होती. तिच्या अहवालात भीषण वर्णनांबरोबरच अशाही नोंदी आहेत की, अनेक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी मुस्लिमांना वाचवले आणि विणकरांमध्ये हा बंधुभाव विशेष बळकट होता. हा धागा पकडावा. ज्या गावात दोन्ही समाजांचे पोट एकाच धंद्यावर अवलंबून होते तिथे काय झाले, आणि जिथे एकाने दुसऱ्याचे दुकान किंवा शेत घेतले तर त्याचा फायदाच होणार होता तिथे काय झाले? 1978 बद्दलही असेच विचारावे. एका गावात दलित वस्ती जळाली आणि चार कोसांवरच्या दुसऱ्या गावात का वाचली? गायरान जमिनीवरून आधीचा वाद होता का, दलितांनी परंपरेची हलकी कामे नाकारली होती का, शिकलेल्या मुलांना नोकऱ्या लागल्या होत्या का, गावातील पाटील-पुढाऱ्यांनी कोणता शब्द टाकला, पोलीस ठाणे किती अंतरावर होते? नावाचा प्रश्न विद्यापीठाचा होता, पण प्रत्येक गावात त्याने आपापला जुना तंटा उकरून काढला.

ग्रीसच्या यादवीपासून सिएरा लिओनपर्यंत अभ्यासकांना हेच दिसले आहे की मोठ्या युद्धाच्या आडोशाने भाऊबंदकी, बांधाचे वाद, सावकारी आणि वैयक्तिक वैर यांचे हिशेब चुकते केले जातात. कोणी चुगली करतो, कोणी सशस्त्र गटाला नाव कळवतो. रझाकारांच्या काळातील आणि पोलीस ॲक्शननंतरच्या कथा ऐकताना हा पदर वेगळा काढावा. असे केल्याने मोठी राजकीय कारणे खोटी ठरत नाहीत, पण बळी गेलेला माणूस तोच का होता, हे या खासगी हिशेबांवाचून कळत नाही.

मृतांचे आकडे कसे वाचावेत

कोणताही आकडा पाहिला की तो कोणी, केव्हा आणि कोणत्या रीतीने काढला हे आधी विचारावे. सुंदरलाल समितीने संस्थानातील 16 पैकी 9 जिल्ह्यांत फिरून, लोकांशी बोलून, कारवाईच्या काळात आणि त्यानंतर किमान 27,000 ते 40,000 माणसे मारली गेली असावीत असा अंदाज दिला आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड हे जिल्हे सर्वांत जास्त होरपळल्याचे नोंदवले. हा अहवाल अनेक दशके लोकांसमोर आला नाही, त्यामुळे त्या पोकळीत काही लेखकांनी 2 लाखांपर्यंतचे आकडे दिले आणि काहींनी घटनाच नाकारली. अहवाल दडवल्याने प्रश्न मिटत नाही; तो अफवेच्या हवाली होतो, असे माझे मत आहे. रझाकारांनी मारलेल्यांची मोजणीही याच कसोटीवर घासावी आणि एका यादीतून दुसरी वजा करण्याचा मोह टाळावा.

अमेरिकेच्या यादवी युद्धात 6 लाख 20 हजार माणसे मेली, असे शतकभर सांगितले जात होते. 2011 मध्ये जनगणनांची तुलना करून, युद्ध झाले नसते तर जे तरुण पुरुष जिवंत दिसायला हवे होते त्यांचा हिशेब मांडला गेला आणि सुमारे साडेसात लाखांचा अंदाज पुढे आला. 1941 आणि 1951 च्या जनगणनांची अशी तुलना मराठवाड्यासाठी करून पाहण्यासारखी आहे. मात्र स्थलांतर, हद्दींतील फेरबदल आणि 1941 च्या जनगणनेवरचा युद्धकाळाचा परिणाम ध्यानात ठेवावा लागेल. लढाईत मेलेले आणि लढाईमुळे आलेल्या भुकेने, रोगराईने मेलेले हे दोन वेगळे आकडे असतात. काँगोत 1998 ते 2007 या काळात 54 लाख जादा मृत्यू झाल्याचा अंदाज एका मदतसंस्थेच्या पाहणीत आला. त्यांतले बहुसंख्य रोग आणि कुपोषणाचे होते, आणि इतर अभ्यासकांनी या अंदाजालाही आव्हान दिले आहे.

परिणाम शोधताना सातबाऱ्यापर्यंत जावे

उद्ध्वस्त शाळा, जखमी, बालसैनिक, भूसुरुंग यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते सहज मिळते. उशिरा उमटणारे परिणाम शोधायला चिकाटी लागते. युद्ध संपल्यावर मालमत्ता कोणाच्या नावावर आहे हे पाहणे हा त्यांतला सर्वांत बोलका मार्ग आहे. मराठवाड्यात निजामकाळातील उर्दू आणि मोडीतील दप्तरे, 1954-55 चे खासरा पाहणी पत्रक आणि त्यानंतरचे फेरफार शेजारी ठेवले, तर 1948 नंतर कोणत्या कुटुंबाची नोंद गावातून नाहीशी झाली, जमीन विकली गेली, सोडून दिली गेली की कुळाच्या नावे झाली, याचा माग लागतो. सगळे बदल हिंसेमुळे झाले नाहीत. 1949 मध्ये जहागिरी रद्द झाल्या आणि 1950 मध्ये हैदराबादचा कुळकायदा आला, त्यामुळे हक्कांची मोठी उलथापालथ कायदेशीर मार्गानेही झाली. दोन्ही वेगळे करणे अवघड आहे, पण शक्य आहे. या दोन सुधारणाही संघर्षाचेच परिणाम होत्या हे विसरू नये. तेलंगणातील लढ्याच्या भूमीवरच, पोचमपल्लीत, 18 एप्रिल 1951 रोजी भूदानाची सुरुवात झाली.

नोकऱ्या गमावलेले अधिकारी आणि शिपाई, बरखास्त झालेले निजामाचे सैन्य, खेड्यांतून हैदराबाद शहराकडे आणि काही प्रमाणात पाकिस्तानकडे गेलेली कुटुंबे, उर्दू शिक्षणाला लागलेली ओहोटी, बाजारपेठेच्या गावांत बदललेले व्यापारी, हे सगळे एका पिढीनंतरच्या राजकारणातही दिसते. कासिम रझवी 1957 मध्ये सुटून पाकिस्तानात गेले आणि त्याच सुमारास मजलिसचे, म्हणजे रझाकार ज्या पक्षाचे दल होते त्या मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीनचे, पुनरुज्जीवन झाले.

बेपत्ता माणसांचा प्रश्न स्वतंत्रपणे हाताळावा. नेपाळच्या युद्धात सुमारे 17,000 माणसे मेली. 21 नोव्हेंबर 2006 रोजी शांतता करार झाला, 2008 मध्ये राजेशाही गेली, 2015 मध्ये नवी राज्यघटना आली. राजकीय परिणामांची ही यादी भारदस्त आहे. परंतु 1,300 हून अधिक बेपत्ता माणसांच्या घरी, मृत्यूचा दाखला नसल्यामुळे पत्नीच्या नावावर जमीन होण्यात, वारसाहक्कात आणि तिने कुंकू लावावे की नाही इतक्या खासगी बाबीतही वर्षानुवर्षे अडचण राहिली. युद्ध कधी संपले, याचे काठमांडूतील उत्तर आणि या घरातले उत्तर सारखे नसते.

माणसांशी बोलताना

1948 मध्ये दहा वर्षांची असलेली व्यक्ती आज नव्वदीच्या घरात आहे, म्हणून हे काम पुढे ढकलू नये. मुलाखतीला जाताना आधी घरच्यांची परवानगी घ्यावी, ध्वनिमुद्रण कशासाठी आहे हे स्पष्ट सांगावे आणि नको म्हटल्यास यंत्र बंद करावे. सुरुवात हिंसेच्या प्रश्नाने करू नये. गावाची वेस, बाजार, शाळा, पेरणी यांवर बोलणे झाले की आठवणी आपोआप त्या वर्षाकडे येतात. आजी, मावशी, खाला, चाची यांच्याशी त्यांच्या घरातल्या बाईच्या सोबतीने बोलावे. पळून जाताना काय बरोबर घेतले, रात्री कोणाच्या घरी निजलो, विहिरीत उडी घेतलेल्या बायकांबद्दल गावात काय बोलले गेले, हे पुरुष बहुधा सांगत नाहीत. अत्याचाराविषयी थेट प्रश्न विचारू नये; तो विषय सांगणाऱ्या व्यक्तीने काढला तरच ऐकावा.

एकाच गावातील तिन्ही-चारही समाजांच्या माणसांना भेटल्याशिवाय त्या गावाबद्दल लिहू नये. हिंदू घरातून रझाकारांची कथा आणि मुस्लिम घरातून पोलीस ॲक्शनची कथा ऐकू येते, दलित घरातून अनेकदा दोन्ही कथांत नसलेले तिसरेच काही ऐकू येते. आणि तीनही खरी असू शकतात. सांगणाऱ्याने स्वतः पाहिलेले, घरात ऐकलेले आणि नंतर सभा-भाषणांतून आलेले असे तीन रंग वापरून टिपणात खुणा कराव्यात, कारण पन्नास-साठ वर्षांच्या 17 सप्टेंबरच्या भाषणांचा आठवणींवर परिणाम झालेला असतो. आरोपीचे नाव आले तर ते टिपणात ठेवावे, प्रसिद्ध करू नये. त्याची नातवंडे त्याच गल्लीत राहतात. गावाचे नाव देण्यानेही आज कोणाला त्रास होणार असेल तर फक्त तालुका द्यावा.

लेखनाचा पहिला खर्डा झाल्यावर तो त्याच गावातील दोन वेगळ्या समाजांतील दोन जाणत्या माणसांना वाचून दाखवावा आणि त्यांचे आक्षेप खर्ड्याच्या समासात त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावेत. ध्वनिमुद्रणाची एक प्रत कुटुंबाला द्यावी आणि दुसरी, सांगणाऱ्याने घातलेल्या अटींच्या लेखी नोंदीसह, जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावी.